पांघरुणातला आकडा

दार नीट लावा आधी. खालची फट पोत्याने बुजवा, नाहीतर वारा रात्रभर पायाला चावत राहील. झालं? आता बसा. दिवे काही आज यायचे नाहीत आणि स्कीची लिफ्ट उद्या दुपारपर्यंत हलत नाही. झोपायची घाई कुणालाच नाही.

मगाशी जेवताना काय म्हणालास रे, वाल्दो? "एवढ्या थंडीत उठतंय कोण, कालचाच आकडा सांगून टाकायचा." सगळे हसलात. मीही हसलो, तोंडदेखलं. त्याला आम्ही पांघरुणातला आकडा म्हणायचो. खोटं कशाला बोलू, ह्या डोंगरावर प्रत्येकाने तो एकदा तरी सांगितलेला असतो. बासिलिओनेही सांगितला होता. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. अठ्ठावीस हिवाळे तो वरच्या चौकीवर आणि मी खाली रेडिओवर. त्याच्या पोरीला बाप्तिस्म्याच्या दिवशी हातावर घेतलं ते मी, म्हणून तो मला कोंपाद्रे म्हणायचा आणि मी त्याला. त्याची गोष्ट सांगतो. मी काही पदरचं घालत नाही, त्याने जशी सांगितली तशी.

अकरा वर्षं झाली. बावीस ऑगस्ट, शुक्रवार, ऐन हिवाळा. दुपारी चारच्या शेवटच्या लिफ्टने बासिलिओ वर निघाला. पाठीवर रॉकेलचा डबा, पिशवीत पाव, चीजचा तुकडा आणि माटेच्या चहाची पुडी. वरच्या चौकीवर त्या दिवशी पाळी दुसऱ्याची होती, पण त्याला ताप होता. त्याच्या जागी एक रात्र काढायची, पहाटे सहाला बर्फ तपासायचा, आकडा खाली कळवायचा. एवढंच काम.

लिफ्टच्या रांगेत त्याला जावई भेटला. येर्को. तिशीतला, उंच, सदा खिदळणारा पोरगा.

"सासरेबुवा, पाव दोन आणि रॉकेल पाच लिटर? वर पिणार काय, रॉकेल?"

"तुझ्या तोंडाला लावायला नेतोय. जरा वेळ तरी बंद राहील."

"उद्या आकडा चांगला द्या बुवा. शनिवार आहे, बसगाड्या भरून माणसं येणार. मालक सकाळपासून ओया ओया करतोय."

"बर्फ देईल तो आकडा देईन," बासिलिओ म्हणाला आणि बाकड्यावर बसला. लिफ्ट त्याला घेऊन वर गेली. येर्को खालून हात हलवत राहिला.

ओया तुम्हाला परवा दाखवली. तीन बाजूंनी कडा आणि मधे हंड्यासारखी खोल. वरून बर्फ सुटला की सगळा मधे येऊन साचतो. ह्या सेरो मुदो डोंगरावरचा सगळ्यात देखणा उतार तोच, आणि माणसं एवढे पैसे मोजून स्की करायला येतात तीही त्याच्यासाठीच. तो उघडायचा की नाही हे ठरवायला वर एक माणूस लागतो आणि त्याच्याजवळ एक फावडं. बर्फात खड्डा खणायचा, फावड्याएवढ्या रुंदीचा खांब कापून मोकळा करायचा, त्याच्या डोक्यावर फावडं पालथं ठेवायचं आणि हाताने ठोके मारायचे. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. मोठ्याने मोजत. तीस ठोके खाऊन खांब उभा राहिला तर ओया उघडी. त्याआधी वरचा थर सरकला तर बंद, मग मालक नाचो की रडो. आकडा रेडिओवर खाली येतो, खालचा माणूस तो परत म्हणून दाखवतो, वरचा "बरोबर" म्हणतो, आणि मगच तिकीटखिडकीजवळच्या फळ्यावर खडूने लिहायचं.

त्याच्या आदल्या वर्षी, तेवीस ऑगस्टच्या पहाटे, बासिलिओ ह्याच चौकीवर होता. बाहेर पांढरा वारा सुटलेला. बर्फ आडवा उडायला लागला की आपलाच हात आपल्याला दिसत नाही, तो वारा. गुडघे धरलेले. आदल्या दिवशी खांब तीस ठोक्यांना टिकला होता. तो उठलाच नाही. पांघरुणातून हात काढून त्याने रेडिओ घेतला आणि म्हणाला, "तीस. टिकला. उघडा." मी परत म्हणालो, तीस. तो म्हणाला, बरोबर. सात वाजता त्याचीच पोरगी, येसेनिया, दोर आणि लाल झेंडे लावायला ओयामधे गेली. ते तिचंच काम होतं. सात वाजून वीस मिनिटांनी ओया सुटली. पोरीला बाहेर काढेपर्यंत दोन तास गेले.

सगळे म्हणाले, डोंगराने नेली. त्याला कुणी शब्दाने विचारलं नाही. सगळे त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि तो प्रत्येक हात सोसत होता. तिचा नवरा येर्को तोपर्यंत स्वैपाकघरात भाकऱ्या भाजायचा. पोरीला पुरलं आणि आठवड्याभरात त्याने तिचं काम मागून घेतलं. मी म्हणालो, वेडा का तू? तर म्हणाला, "तिचे दोर दुसऱ्या कुणाच्या हातात बघवत नाहीत हो." बासिलिओ शेजारीच उभा होता. 

त्यानंतर मात्र त्याच्या पाळीची एक पहाट चुकली नाही. ताप असो, वादळ असो, तो जाऊन खांब कापायचाच. आता न चुकवून मिळणार काय होतं म्हणा.

तर त्या शुक्रवारी संध्याकाळी चौकीवर पोचल्यावर त्याने स्टोव्ह पेटवला, पाव भाजला, माटेचे दोन कडू घोट घेतले. पलंग तोच. पांघरूणही तेच, करड्या लोकरीचं, एका कोपऱ्यावर जळलेलं. त्याने ते घडी करून भिंतीशी ठेवलं आणि जाकीट अंगावर घेऊन तसाच आडवा झाला.

त्या आठवड्यातला बर्फ मला अजून पाठ आहे. आधी नऊ दिवस लख्ख आभाळ आणि कडाक्याच्या रात्री, त्यामुळे वरचा थर सुटून जाड्या साखरेसारखा दाणेदार झालेला. मग बुधवारी आणि गुरुवारी चाळीस सेंटिमीटर नवा पडला. त्यावर वारा फिरला आणि त्याने तो थापून थापून फरशीसारखा घट्ट केला. खाली साखर, वर फरशी, आणि सगळं तिरप्या उतारावर. बासिलिओला हे दिसत नव्हतं असं नाही. त्याला वाटत होतं, उद्या आकडा कमीच येईल. आणि एका परीने बरंच वाटत होतं. एकदा तरी खरा आकडा सांगून ओया बंद करायला मिळेल, तेवीस तारखेलाच.

एक वाजून चाळीस मिनिटांनी वारा थांबला. वेळ त्याला नक्की आठवत होती, कारण वारा थांबल्यावर मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली आणि त्याने बॅटरी लावून पाहिलं.

मग ऐकू आलं.

ठप.

हलकं. चौकीच्या जमिनीखालून. ठप... ठप... त्याला आधी वाटलं छपरावरचा बर्फ गळतोय. पण ते सारख्या अंतराने येत होतं. त्याच्या नकळत तो मोजायला लागला. सात, आठ, नऊ, दहा. मनगटातले दहा.

मग जरा जोरात. अकरा. कोपरातून.

बारा.

आणि खालून एक सुस्कारा आल्यासारखा आवाज झाला. तुम्ही अजून ऐकला नसेल. बर्फाचा आतला थर बसतो तेव्हा होतो तो. पोटातून येतो. चौकी केसभर खाली गेली. टेबलावरचा कप सरकला.

मग काहीच नाही.

तो दारापाशी गेला, दार उघडलं. बाहेर काळोख. चंद्र नाही. बर्फ मोजायची काठी उभी, तिच्याभोवती बर्फ सपाट, एकही पाऊल नाही. त्याने दार लावलं. पाठ दाराला लावून उभा राहिला.

पुन्हा सुरू झालं. दहा हलके. अकरा. बारा. सुस्कारा.

येसेनिया सात वर्षांची असताना त्यानेच तिला हे शिकवलं होतं. घरच्या टेबलावर पावाची कणीक ठेवून, वर थाळी पालथी घालून. दहा मनगटातून, दहा कोपरातून. ती डावखुरी. आठव्या ठोक्याला कणीक पसरायची आणि ती म्हणायची, बाबा, बंद. तिची आई ओरडायची की पाव फुगायचा नाही. ते सगळं त्याला तिथे, दाराशी, एकदम आठवलं. तो खाली बसला.

तिसऱ्यांदा सुरू झालं. ह्या खेपेला त्याच्या अगदी खाली. पायांच्या तळव्यांना कळत होतं.

दहा.

अकरा.

बारा.

"येसे," तो म्हणाला.

...

"कळलं, पोरी. बारा. मी गेलोच नव्हतो. मी पांघरुणात होतो."

त्याने तळहात जमिनीवर टेकवला.

"ह्या वेळी सांगतो. तुझी शपथ. बारा सांगतो."

त्यानंतर पहाटेपर्यंत आवाज आला नाही. तो मला म्हणाला, कोंपाद्रे, त्या चार तासांत वर्षभरात पहिल्यांदा माझा श्वास नीट चालला. त्याला वाटलं, पोरीने ऐकलं. त्याला वाटलं, सुटका झाली.

सहाला तो बाहेर पडला. डोक्याला दिवा, हातात फावडं. वारा पुन्हा उठला होता, पांढरा. त्याने खड्डा खणला, खांब कापला, फावडं पालथं घातलं आणि मोठ्याने मोजलं. बाराव्या ठोक्याला वरचा थर सुटून अख्खाच्या अख्खा त्याच्या मांडीवर आला. साखरेचे दाणे खाली सांडले.

त्याने रेडिओ काढला.

"रेमिखिओ, बारा. बारा ठोके. ओया बंद ठेव."

खरखर. मग माझा आवाज.

"तीस. समजलं, कोंपाद्रे. शाब्बास."

"तीस नाही. बारा. बंद."

"हो रे बाबा, तीस. ऐकलं. टिकला, उघडायची. किती वेळा सांगशील?"

बासिलिओने रेडिओ कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा तोंडाशी नेला. आता तो सावकाश बोलला. एक एक शब्द तोडून. एक... दोन... बारा. येर्कोला पाठवू नकोस. गेल्या वर्षी मी खोटं बोललो. मी बाहेर पडलो नव्हतो. माझ्यामुळे गेली ती. सगळं बोलला, पोरांनो. वर्षभर जे पोटात होतं ते सगळं त्या रेडिओत ओतलं.

खरखर.

"बरोबर. मग लिहितो फळ्यावर," मी म्हणालो.

तो "बरोबर" म्हणालाच नव्हता.

मी शपथेवर सांगतो, मला खाली काय ऐकू आलं. त्याचा आवाज. झोपेतून उठल्यासारखा, जरा जड. "तीस. टिकला. उघडा." दर खेपेला तेच तीन शब्द, आणि शेवटी "बरोबर". तोच दम, तीच जांभई. मला वाटलं, म्हातारा झाला, सारखं सारखं सांगतोय.

मग त्याने येर्कोला हाक मारली. येर्कोकडे वेगळा रेडिओ असायचा.

"येर्को. जाऊ नकोस. पोरा, ऐक, जाऊ नकोस."

"ऐकलं सासरेबुवा," येर्को म्हणाला. मागे लिफ्टचा खडखडाट. "तीस. झकास. आता जरा झोपा तुम्ही."

...

ओयामधून सरळ खाली दहा मिनिटांचा रस्ता. पण तिथे त्याने पाय ठेवला तर तोच ती बर्फाची फरशी सोडणार, आणि खाली येर्को आलेला असला तर त्याच्याच डोक्यावर. राहिली कड्याची वाट, बाजूबाजूने, पाऊण तास. त्याने स्की चढवल्या. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, निकामी गुडघे, समोर हात दिसत नाही. दोनदा पडला. रेडिओ कमरेला होता, आणि तो मला नंतर म्हणाला, वाटेत त्यातून आवाज येत होता. त्याचाच. तो तोंड मिटून धावत होता आणि कमरेला त्याचा आवाज म्हणत होता, तीस... टिकला... उघडा.

सात वाजून दहा मिनिटांनी तो ओयाच्या काठावर आला. उजाडत होतं. वारा क्षणभर पडला आणि सगळं स्वच्छ दिसलं. मधोमध येर्को. लाल जाकीट. खांद्यावर दोराची गुंडाळी, हातात झेंडे.

बासिलिओ ओरडला.

येर्कोने वर पाहिलं. हात हलवला. कालच्यासारखाच.

मग वरच्या बर्फात तड्याची रेघ गेली. कड्यापासून कड्यापर्यंत. एकच.

...

आम्ही वीस मिनिटांत काढला त्याला. ह्या वेळी जागा माहीत होती. काही उपयोग झाला नाही.

दुपारी लिफ्टच्या शेडमधे बासिलिओ माझ्यासमोर बसला. बोटं सुजलेली. मी माटे पुढे केली, ती त्याने घेतली नाही.

"तुला काय ऐकू आलं?"

"तीस."

"कुणाचा आवाज?"

"तुझा. कोंपाद्रे, तुझाच की."

तो मान हलवत राहिला. मग रात्रीपासूनचं सगळं सांगितलं, आणि गेल्या वर्षीचंही. एकदाच. त्यानंतर तो कुणाशी बोलला नाही. खाली गावात बहिणीकडे असतो. जेवायला बसवलं की टेबलावर बोटं वाजवतो. बारापर्यंत. मी दर उन्हाळ्यात एकदा जातो, त्याच्यासमोर तासभर बसतो आणि परत येतो. त्याला ओळख आहे की नाही, मला कळत नाही.

गावातले म्हणतात, येसेनियाचं भूत ओयामधे आहे, नवऱ्याला घेऊन गेलं. मला राग येतो. ती बिचारी रात्रभर खरं सांगत होती. खाली आलं ते दुसरंच काहीतरी. एकदा पांघरुणातून सांगितलेलं ते अजून ह्या डोंगरावर फिरतंय, आणि ज्याने सांगितलं त्याच्याही हातात ते परत येत नाही. म्हणून म्हणतो, वाल्दो, तुझ्या विनोदाला मी मनापासून हसलो नाही.

निजायचं? थांबा. एक राहिलं. हे मी बासिलिओला सांगितलेलं नाही. त्याच्या तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, आणि आता सांगून त्याला कळणारही नाही.

त्या पहाटे मी साडेपाचला फळ्यापाशी गेलो होतो. तो सहाला बाहेर पडला, म्हणजे त्याच्या आकड्याच्या निदान अर्धा तास आधी. तिकीटखिडकीला कुलूप, खडू आत, किल्ली माझ्याच खिशात. रात्रभर बर्फ पडून अंगण कोरं, पायाचा ठसा नाही. आणि फळ्यावर लिहिलेलं होतं. बारा, आकड्यात. खाली, बंद. डावीकडे कललेलं अक्षर. आणि दोनाच्या शेपटीला गाठ. सबंध डोंगरावर तशी गाठ एकच पोरगी मारायची, आणि मी तिला शाळेत असल्यापासून त्यावरून चिडवत आलो होतो.

मी पाहिलं ना. ओळखलंही. आणि स्वतःला म्हणालो, रात्रपाळीच्या चौकीदाराने थट्टा केली असेल. साल्याला सांगतो सकाळी. उजवी बाही ओढली आणि पुसून टाकलं. मग आकडा आल्यावर तीस लिहिलं.

चौकीदार त्या रात्री कामावर नव्हता.

तो कोट तिथे खुंटीवर आहे. लिसेट, तू जवळ आहेस, काढ. नको घाबरू, कोटच आहे. साबणाने धुतला, राखेने घासला, दोनदा उकळत्या पाण्यात घातला. उजवी बाही दिव्याकडे धर. उलटं दिसेल, पण वाचता येईल. दोनाची गाठ बघ.